तबली कुणी बदलली?

१

दुरुस्त होऊन घरी आलेल्या गिटारच्या भोकाला ग्वेन टारलेटननं नाक लावलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मटकन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिटार पोटाशी धरून नोलीन पर्डनच्या दारात उभी होती.

“ही माझी गिटार नाही,” ती म्हणाली. “म्हणजे बाकीची आहे, तबली माझी नाही. त्या पोरीनं बदललीय.”

तबली म्हणजे वरची पातळ फळी. गिटारचा आवाज खरा तिथून निघतो. नोलीननं तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत फळ्यांची प्रतवारी लावली होती, आणि ती निवृत्त झाली तरी खोऱ्यानं तिला निवृत्त होऊ दिलं नव्हतं. आजीचं कपाट ब्लॅकवुडचं की रंग फासलेल्या साध्या पाइनचं, ह्यावरून भावंडांचं वाजलं की ती कपाटाचा खण घेऊन तिच्याकडे येत. नोलीन बोलली की वाद संपायचा.

टारलेटनच्या गिटारची गोष्ट तर टास्मानियाच्या त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ग्वेनचे वडील आर्ची होड्या बांधायचे. जन्मात त्यांनी गिटार एकच बनवली, आठ वर्षांच्या लेकीसाठी. पाठ आणि कडा ब्लॅकवुडच्या, तबली ह्युऑन पाइनची. ह्युऑन पाइन कुजत नाही, किडत नाही, आणि त्याचा गोडसर वास एकदा नाकात बसला की जन्माचा बसतो. आता जिवंत झाड तोडायला बंदी असल्यामुळे जुनी फळी हाती लागली की लोक ती उशाशी घेऊन झोपायचंच काय ते बाकी ठेवतात.

“साठ वर्षं वास येत होता,” ग्वेन म्हणाली. “तारांखालची घोडी उखडली म्हणून गिटार त्या नोहेआकडे दिली, आणि वास गेला. मी कारागिरांच्या मंडळाला पत्र दिलंय. शनिवारच्या बैठकीत तिचं कामाचं बाक काढून घेतायत.”

“अगं बाई, आधी नीट बघायचं तरी!”

“बघायचं काय? माझ्या पन्नाशीला तूच नाक लावून सांगितलं होतंस, सगळ्या पाहुण्यांसमोर. ‘अस्सल ह्युऑन!’ विसरलीस?”

नोलीन विसरली नव्हती. तिनं वाकून हुंगलं. आत गोंदाचा वास होता, जुन्या धुळीचा होता. ह्युऑनचा मागमूसही नव्हता.

२

गावातली सफरचंदं पेट्यांत भरायची जुनी शेड आता कारागिरांच्या सहकारी मंडळाकडे होती. आत सहा बाकं, मधोमध एक लोखंडी शेगडी. नोहेआ काहाले ही हवाई बेटावरच्या हिलो गावची. तीन वर्षांपूर्वी ती आली आणि खोऱ्यातल्या सगळ्या आजारी गिटारी तिच्या बाकावर जाऊ लागल्या. कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणणारे होतेच.

“आंटी, तुम्हीही मला चोर म्हणायला आलात का?” तिनं विचारलं. तिच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात.

“मी कुणाला काही म्हणायला आलेले नाही. विचारायला आलेय. तबली कसली आहे ही?”

“किंग बिली पाइन. आली तेव्हाही तीच होती.” नोहेआनं खणातून पावती काढली. गिटार सोमवारी घेतली तेव्हाची होती, खाली ती आणून देणाऱ्या ग्वेनच्या भावाची, मर्विनची सही. नोलीननं चष्मा चढवला. ‘पाठ व कडा : कोआ.’ त्यावर काट मारून कुणीतरी जाड निळ्या अक्षरात ‘ब्लॅकवुड’ लिहिलं होतं. खालच्या ओळीत, ‘तबली : किंग बिली.’

“ही खाडाखोड कुणाची?”

“मर्विनची. आमच्याकडे कोआ, तुमच्याकडे ब्लॅकवुड. दोघी चुलत बहिणी, तोंडावळा सारखा. माझा हात अजून सवयीनं कोआ लिहून जातो. ‘ब्लॅकवुडला कोआ म्हणालीस तर खोऱ्याबाहेर काढतील,’ म्हणून केवढा हसला मला.” ती थांबली. “आता तसंही काढतायतच.”

शेजारच्या बाकावर लाकडाचे वाडगे कातणारा ब्रायस डग्गन इतका वेळ कान टवकारून होता. ह्युऑनचे वाडगे पर्यटकांना विकून त्याचं बरं चालायचं.

“पावतीचं काय घेऊन बसलीस, नोलीन?” तो म्हणाला. “जे नंतर बसवायचं तेच आधी लिहून ठेवलं, झालं. डोकं लागतं त्याला.”

“तुझ्याकडे ह्युऑनचा साठा आहे, ब्रायस. जुनी तबली तुलाही चालली असती.”

“दोन मिलिमीटरच्या फळीचा मी काय वाडगा करू? कागदी होडी होईल फार तर!” तो रागानं उठला. “ऐक, मी बोलणार नव्हतो. मंगळवारी सकाळी मी आत आलो तर अख्ख्या शेडमध्ये ह्युऑनचा घमघमाट होता. माझा साठा कुलपात होता. माझ्याआधी इथं एकच माणूस आलेलं होतं.” त्यानं नोहेआकडे बोट केलं. “वास खोटं बोलतो का?”

नोहेआचा चेहरा पांढराफटक पडला.

३

नोलीननं गिटार खिडकीपाशी नेली. बाहेरून उपयोग नव्हता. साठ वर्षं मुरलेल्या रोगणाखाली ह्युऑन काय आणि किंग बिली काय, दोघंही मधाच्याच रंगाची. तिनं भोकातून बोट आत घालून तबलीची उलटी बाजू चाचपली. ह्युऑन बोटाला किंचित तेलकट लागतं. हे कोरडं होतं. भोकाच्या कडेला, जिथं रोगण पोचलं नव्हतं, तिथं तिनं भिंग धरलं. ह्युऑनच्या वाढीच्या रेघा इतक्या बारीक असतात की मोजताना डोळे दुखतात. इथं त्या स्पष्ट होत्या, एकेक गडद, मधला भाग गुलाबीकडे झुकलेला. मग तिनं अख्खी गिटार हातावर तोलली. ह्युऑन जडशीळ नसतं, पण इतकं हलकंही नसतं.

“किंग बिली,” ती म्हणाली. “शंका नाही.”

“मग झालं तर!” ब्रायस म्हणाला.

“काय झालं? तबली कसली ते कळलं. कधी बसली ते कुठं कळलंय?”

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. गिटारच्या पोटाला लागतो. नोहेआनं दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा आरसा आणि बोटभर विजेरी दिली. तबली आणि कडा जिथं आतून मिळतात त्या कोपऱ्यावरून नोलीन तो आरसा मुंगीच्या पावलांनी फिरवू लागली. ब्रायसही कंटाळून दुसऱ्या बाजूनं वाकला.

“ते काय आहे?” त्यानंच विचारलं. “ती काळी रेघ?”

कोपऱ्यात पेन्सिलीची बोटभर रेघ होती. अर्धी कडेच्या लाकडावर, अर्धी तबलीवर. वीतभर अंतरावर दुसरी. मग तिसरी.

“होडीवाल्याच्या पोरा, तुला कळायला हवं,” नोलीन म्हणाली. ब्रायसचे वडीलही त्याच धंद्यातले.

ब्रायसनं तोंड वाकडं केलं, पण त्याला कळलं होतं. होडी बांधणारे दोन तुकडे चिकटवण्याआधी नुसते जुळवून बघतात आणि दोघांवरून मिळून एक आडवी रेघ ओढतात. मग तुकडे सुटे करून गोंद लावला तरी रेघेला रेघ मिळाली की सांधा जागेवर बसला. तिला साक्षीची रेघ म्हणतात. गिटार बनवणाऱ्यांत ही रीत नाही. ती आर्ची टारलेटननं आपल्या होड्यांवरून आणली होती.

“तबली नंतर बदलली असती,” नोलीन म्हणाली, “तर कडेवर अर्ध्या रेघा उरल्या असत्या आणि नव्या तबलीवर काही नसतं. इथं नऊ रेघा आहेत आणि नऊही सलग. त्यांच्यावर गोंदाचे ओघळ आलेत, तपकिरी पडलेले, तडकलेले. साठ वर्षांचा गोंद मंगळवारी सकाळी कुणी ओतू शकत नाही.”

“म्हणजे आर्चीनंच ही बसवली?”

“आर्चीनंच. ही गिटार पहिल्या दिवसापासून किंग बिलीची आहे.”

नोहेआनं डोळे पुसले. ब्रायस मात्र हटला नाही.

“मग मंगळवारचा वास कुठून आला? आणि तू ग्वेनच्या पन्नाशीला काय हुंगलंस? माझं नाक जाऊ दे. तुझंही चुकलं?”

नोलीननं आरसा खाली ठेवला. रेघा तिला पटल्या होत्या, पण खोरं रेघा बघायला येणार नव्हतं. खोरं नाकावर चालत होतं, आणि ते नाक तिचं होतं.

४

ती धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसली. बेकरीतून आणलेली शिंपल्यांच्या सारणाची पेस्ट्री कागदातच गार होत होती. तीस वर्षांत फळीची प्रत तिनं कधी नुसत्या वासावर लावली नव्हती. भिंग लावायची, वजन बघायची, नखानं दाबून बघायची. पण त्या दिवशी वाढदिवस होता, हातात पेला होता, सगळे टाळ्या वाजवायला टपले होते. तिनं नाक लावलं आणि निकाल देऊन टाकला. खोऱ्यातल्या कुणीही हेच केलं असतं. इथं जन्मलेल्या माणसाला ह्युऑनचा वास आला की त्याचे डोळे मिटतात, आणि मिटलेल्या डोळ्यांना काय दिसणार?

तिला स्वतःचा राग आला. आणि राग आला तसं डोकं चालू लागलं. नाक खोटं बोललं नव्हतं. त्या भोकात ह्युऑन होतंच. ते तबलीत आहे असं नाकानं कुठं सांगितलं होतं? ते तर तिचं तिनंच ठरवलं होतं.

पेस्ट्री तिथल्या समुद्रपक्ष्यांना देऊन ती तडक शेडमध्ये परतली.

“नोहेआ, गिटारच्या आतून तू काय काढलंस?”

“आतून? काही नाही... हां, एक फ्लॅनेलची घडी होती. दांडीच्या बुडाशी, लाकडी ठोकळ्यामागे दोऱ्यानं बांधलेली. तेलकट, धूळ चिकटून काळी झालेली. घोडी चिकटवताना आतून दाबायची तर आत मळ नको, म्हणून काढून शेगडीत टाकली.”

“कधी?”

“मंगळवारी. सकाळी आल्या आल्या.”

ब्रायसच्या हातातली छिन्नी थांबली.

“वास यायचा तिला?” नोलीननं विचारलं.

“ह्युऑनच्या तेलाचा. पण आंटी, तुमच्याकडे तर कपाटात, ट्रंकेत, स्वेटरच्या खिशात, सगळीकडे ते तेल घालतात, कसर लागू नये म्हणून. मला वाटलं तसंच काही असेल.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“ब्रायसनं बोट दाखवलं तेव्हा भीतीनं काही आठवलंच नाही. सगळ्यांनी मला एकच विचारलं, ‘तबली कुठं आहे?’ फडकं कुठं आहे, असं कुणीच विचारलं नाही.”

नोलीननं पावती पुन्हा मागून घेतली. फ्लॅनेलवरचं तेल साठ वर्षं टिकत नाही. वर्षभर टिकलं तरी खूप. कुणीतरी ते नव्यानं घालत होतं. भोकात हात घालायचा तर तारा उतरवायला हव्यात. आणि दर ईस्टरला मर्विन तारा बदलून देतो, हे ग्वेन कौतुकानं साऱ्या गावाला सांगायची.

पावतीवर मर्विननं ‘कोआ’ खोडलं होतं. म्हणजे त्यानं पावती वाचली होती, चांगली बारकाईनं. मग त्याच्याच खालची ‘किंग बिली’ ही ओळ त्यानं तशीच का सोडली? आर्चीच्या पोराला ह्या दोन लाकडांतला फरक कळत नाही, असं तर होणार नव्हतं.

मर्विन बापाच्याच होडीशेडमध्ये एक छोटी डिंगी होडी घासत होता. नोलीननं पावती त्याच्यासमोर धरली आणि निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. त्यानं घासकागद खाली ठेवला.

“बस,” तो म्हणाला. “मला वाटलंच होतं, येशील तर तूच येशील.”

“तू तबली ओळखतोस.”

“मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. बाबांनी दोन तबल्या केल्या होत्या, एक ह्युऑनची, एक किंग बिलीची. कोपऱ्यात धरून बोटानं ठोकून दाखवल्या. ह्युऑन बद्द वाजली. किंग बिली ठोकली तर आवाज शेडभर फिरत राहिला. बाबा म्हणाले, पोरीला गिटार द्यायची तर वाजणारी द्यायची. आणि ग्वेनीनं मात्र हट्ट धरला होता, मला वासाचीच हवी. आठ वर्षांचं पोर! मग बाबांनी ह्युऑनच्या भुशाची पुरचुंडी आत बांधली आणि ‘घे तुझी वासाची’ म्हणून दिली. पुढं वर्षभरात सांगू म्हणाले. वर्षाच्या आत गेलेच.”

“नंतर तुझी आई?”

“आईनं फ्लॅनेल आणि तेल सुरू केलं. दवाखान्यात माझा हात धरून सांगितलं, ‘तेवढं चालू ठेव.’ अकरा वर्षं ठेवलं. आता घोडी चिकटवायला आत कशाला कोण हात घालेल, असं वाटलं मला.”

“आणि ग्वेननं पत्र दिलं तेव्हा? तेव्हा काय वाटलं?”

मर्विननं घासकागद पुन्हा उचलला.

“मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायला सोपा असतो, मर्विन,” नोलीन म्हणाली. “तो काही परत येऊन विचारत नाही, की त्यासाठी कुणाचं बाक घालवलंस.”

५

शुक्रवारी दुपारी मर्विननं बहिणीला सगळं सांगितलं. नोलीन आणि नोहेआ तिथंच होत्या. ग्वेन आधी हसली, मग लालबुंद झाली.

“साठ वर्षं! साठ वर्षं तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलंत!”

“मी बनवलं नाही,” नोलीन म्हणाली. “मी तुझ्याबरोबर बनले. माझं नाक तर तुझ्याहून जास्त कापलं जाणार आहे.”

ग्वेननं टेबलावरची गिटार पेटीत ठेवली. मग पदराआडून बोलावं तशा हळू आवाजात नोहेआला म्हणाली, “मी पत्र मागं घेते. गैरसमज झाला, असं लिहून देते. तुझं बाक राहील. बाकी घरातलं घरात राहू दे.”

नोहेआनं मान हलवली.

“नाही आंटी. ‘गैरसमज’ म्हटलं की लोक म्हणतील, आपसात मिटवलं. बाक राहील, पण त्या बाकावर कोण गिटार घेऊन येईल? तुम्ही मला नाव घेऊन चोर म्हणालात. आता नाव घेऊन, उभं राहून सांगा. काय झालं ते सगळं.”

“सगळं म्हणजे, माझ्या वडिलांनी मला फसवलं, हे खोऱ्यासमोर सांगू?”

“नसेल जमत तर नका सांगू. मग मी उद्या हत्यारं पेटीत भरते.”

तिचा आवाज चढला नव्हता. नोलीनला ती पोर त्या क्षणी फार आवडली, आणि ग्वेनची दयाही आली. एकीचं नाव राखायचं तर दुसरीच्या बापाचं जात होतं. मधला रस्ता नोलीनला सुचत नव्हता. ग्वेन उठली आणि परसात निघून गेली.

शनिवारी शेड भरली होती. पत्र वाचून झालं, अध्यक्षांनी कुणाला बोलायचंय का विचारलं, आणि कुणीच उठेना. नोहेआ भिंतीशी उभी होती, पायाशी हत्यारांची पेटी. मर्विन अर्धवट उठला. तेवढ्यात मागून खुर्ची सरकली आणि ग्वेन गिटार घेऊन चालत पुढं आली.

“ही तबली ह्युऑनची नाही,” ती म्हणाली. “कधीच नव्हती. माझ्या बाबांनी मला खोटं सांगितलं, आई आणि भावानं ते निभावलं, आणि मी ह्या पोरीला, नोहेआ काहालेला, चोर म्हटलं. चोरी कुणी केलेली नाही. माझं चुकलं.”

“माझंही,” नोलीन बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली. “भिंग न लावता निकाल दिला होता.”

ब्रायस डग्गन खाकरला.

“वाईट वाटून घेऊ नकोस, ग्वेन. पण मग ती वाजते तरी कशी?”

ग्वेननं हातातल्या गिटारकडे पाहिलं. ही गिटार ती रोज पेटीतून काढायची, हुंगायची, पुसायची आणि परत ठेवायची. लहानपणी चार दिवस शिकली तेवढंच. घराण्याचा ठेवा म्हणून दुसऱ्या कुणालाही तिनं हात लावू दिला नव्हता, मर्विनलाही तारा बदलण्यापुरता.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. मग भिंतीपर्यंत गेली आणि गिटार नोहेआच्या हातात दिली. “तू सांग.”

नोहेआ पेटीवर बसली, खुंट्या पिळून तिनं तारा जुळवल्या आणि तिच्या बेटावरचं एक संथ गाणं वाजवायला घेतलं. आवाज भरदार होता, स्वच्छ होता, आणि शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोचत होता. खालचा स्वर संपला असं वाटावं तर तो अजून चालूच असायचा. ब्रायसनं टोपी काढून मांडीवर ठेवली. नोलीननं आयुष्यात लाकूड पुष्कळ पाहिलं होतं, पण इतकं चांगलं कापलेलं आणि इतक्या योग्य जागी बसवलेलं क्वचितच.

ग्वेन उभीच होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. गाणं संपल्यावर ती भावाकडे वळली.

“बाबांचं बरोबर होतं रे,” ती म्हणाली.

अध्यक्षांनी पत्र फाडून टाकलं आणि पुढचा विषय घेतला.